लोड घेऊ नका

शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते दाखल्यातच राहिलं. गल्लीत, घरात आणि पुढे विद्यापीठातही तिला सगळे ठिणगीच म्हणायचे. हे नाव ठेवलं होतं शेजारच्या वेल्डरकाकांनी, आणि ते उगाच ठेवलं नव्हतं.

तिच्या आईचं इस्त्रीचं दुकान आणि काकांचं वर्कशॉप यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि दोघांना मिळून वायरही एकच. आईची इस्त्री आणि काकांचं वेल्डिंग एकदम सुरू झालं की फ्यूज उडालाच म्हणून समजा. मग आई अर्ध्या इस्त्रीच्या शर्टापुढे आणि काका अर्ध्या जोडलेल्या फाटकापुढे हात चोळत बसायचे आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या नावाने बोटं मोडायचे. शेवटी तोडगा निघाला तो पोरीच्या पायांनी. ती या दुकानातून त्या दुकानात पळायची. "काका, थांबा हं, आईची इस्त्री तापतेय!" आणि लगेच उलट, "आई, झालं का? आता काकांचा नंबर!" फ्यूज उडायचा थांबला. "ही पोर नाही, ठिणगी आहे," काका म्हणाले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

तेव्हा ती मोठी होऊन विजेच्याच मागे लागली, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते अभ्यासाच्या नावाचं. ऊर्जा प्रणाली अभियांत्रिकी. आत्याने ते नाव दोनदा म्हणून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बल्ब गेला तर तू लावणार?"

"नाही आत्या. अख्ख्या गावाचे बल्ब एकदम का जातात, ते मी शोधणार."

"बरं. मग लावणार कोण?"

या प्रश्नाचं उत्तर तिला पहिल्या वर्षीही देता आलं नाही आणि शेवटच्या वर्षीही नाही. शिकायचं होतं ते असं, की वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कुणीतरी ती वापरायला हवी, आणि ज्या क्षणी कुणी मागेल त्याच क्षणी ती कुठून तरी यायला हवी. इकडे पवनचक्क्या, तिकडे धरण, छतावर सूर्याच्या ताटल्या आणि दुसऱ्या टोकाला लाखो माणसं, ज्यांना बटण दाबताना यातलं काही आठवत नाही. या दोन्ही टोकांचा तोल धरायचा. ठिणगीला मनातून वाटायचं, हे तर आपण फ्रॉक घालत होतो तेव्हापासून करतोय. फक्त आता भिंत जरा लांब गेलीय.

शेवटच्या वर्षी मात्र घोडं अडलं ते प्रकल्पापाशी.

मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर विद्यापीठाने सौर पॅनेल बसवले होते. तळमजल्यावर पूर्वी सायकली ठेवायच्या त्या खोलीत बॅटऱ्या रांगेत मांडल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी कपाटाएवढा इन्व्हर्टर. प्रकल्प असा, की बाहेरून येणारी वीज बंद करून हे अख्खं वसतिगृह एक सकाळ स्वतःच्या विजेवर चालवून दाखवायचं. ऐकायला सोपं वाटतं. बॅटऱ्यांत वीज भरपूर होती. पण इन्व्हर्टर एका वेळी ठरावीकच वीज बाहेर सोडू शकायचा. टाकी भलीमोठी आणि नळ करंगळीएवढा, तसं. सगळ्या मुलींनी एकदम गिझर, इस्त्री आणि किटली लावली की नळाला ते झेपायचं नाही, इन्व्हर्टर मान टाकायचा आणि अंधार.

पहिल्या खेपेला ठिणगीने एक यंत्र बसवलं होतं. भार वाढला की ते आपलं आपण दोन-चार खोल्यांची वीज तोडायचं. यंत्र उत्तम चाललं. इतकं उत्तम, की केसांना साबण लावलेल्या तीन मुली थंड पाण्याखाली सापडल्या आणि टॉवेल गुंडाळून, फेसासकट, तिला शोधत खाली आल्या. प्रकल्पाच्या प्राध्यापिकांनी तो प्रकल्प नापास केला.

या प्राध्यापिकांना सगळे पाठीमागे फ्यूजबाई म्हणायचे. त्या पटकन उडायच्या म्हणून. पण फ्यूज उडतो तेव्हा घर वाचतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"ही ऊर्जा प्रणाली नाही, ही दादागिरी आहे," फ्यूजबाई म्हणाल्या. "वीज तोडायला इंजिनिअर कशाला हवा? उंदीरही वायर कुरतडून तोडतो."

"मग मी मुलींना सांगेन, मॅडम. आधीच सूचना लावेन. कोणत्या वेळी काय वापरू नका ते समजावेन. त्या आपणहून वापर पुढे-मागे करतील."

फ्यूजबाई हसल्या. त्यांचं हसणं उडण्यापेक्षा वाईट. "लोक सूचना वाचत नाहीत. वाचल्याच तर पाळत नाहीत. 'येथे थुंकू नये' कुठे लिहिलेलं असतं माहीत आहे ना? जिथे सगळे थुंकतात तिथेच."

"एकदा करून तर बघू द्या."

"एकदाच. बाहेरचे परीक्षक येतील. दिवे गेले तर तू पुढच्या सहामाहीला परत याच वर्गात."

पुढची सहामाही ठिणगीला परवडणारी नव्हती. धरणाखालच्या वीजघरात तिची निवड झाली होती. नियंत्रण कक्षातली जागा, खिडकीतून पाणी पडताना दिसतं अशी. निकाल हातात घेऊन ये आणि रुजू हो, असं त्यांनी सांगितलं होतं. सहा महिने तिच्यासाठी कोण थांबणार? पाणी थांबत नाही, तर वीजघर कुठून थांबणार.

प्रकल्पात तिची जोडीदार होती कासव. कासव बोलायची सावकाश, चालायची सावकाश, आणि तिची आकडेमोड कधी चुकायची नाही. भूकंप झाला तरी आधी ही चप्पल शोधेल, मग दुसरी शोधेल आणि मग बाहेर पडेल, असं सगळे म्हणायचे.

परीक्षकांनी दिलेला दिवस नेमका इतर विभागांच्या वार्षिक परीक्षेचा पहिला दिवस निघाला. आदल्या दुपारी ठिणगीने सूचना लिहून काढली. 'सकाळच्या उच्चतम मागणीच्या कालावधीत विद्युतभाराचे स्वेच्छेने स्थलांतर करण्याबाबत' असा तिचा मथळा होता. खाली दोन पानं मजकूर आणि एक आलेख.

कासवाने ती सगळी वाचली. वाचायला बराच वेळ लागला. "चांगली आहे," ती म्हणाली.

"हो ना?"

"हो. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी हे कोण वाचणार? मी तुझी मैत्रीण, म्हणून वाचलं."

"मग काय करू?"

"एक ओळ लिही. मोठ्या अक्षरात."

आता या दोघींची तीन वर्षं ज्या प्रयोगशाळेत गेली, तिथली भाषा जरा ऐकायला हवी. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच शब्द. लोड. कुणी किती लोड घेतला, कुणी लोड सोडला, ही मोटर सुरू होताना फार लोड घेते, त्या लाईनवर लोडच नाही. लोड म्हणजे विजेचा भार, दुसरं काही नाही. बाहेरच्या जगात तोच शब्द माणसं कसा वापरतात, हे दोघी साफ विसरून गेल्या होत्या. रोज मीठ हाताळणाऱ्याला खारटपणा कळेनासा व्हावा, तसं.

ठिणगीने जाड मार्कर घेतला आणि मोठ्या कागदावर लिहिलं:

*उद्या सकाळी लोड घेऊ नका!*
*– तुमचा ऊर्जा विभाग*

"हं," कासव म्हणाली. "आता कसं स्पष्ट झालं."

त्यांनी असे बरेच कागद केले आणि प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक न्हाणीघराच्या दारावर, इस्त्रीच्या टेबलावर आणि चहाच्या कोपऱ्यात चिकटवले.

संध्याकाळपर्यंत ठिणगीला गगन ठेंगणं झालं. लोक सूचना वाचत नाहीत म्हणे! इथे तर जी ती वाचत होती. जिन्यात डॉक्टरीण भेटली. ती अजून व्हायची होती डॉक्टर, पण वसतिगृहात सगळे तिला आत्तापासूनच तसं म्हणायचे. तिने ठिणगीचा हात हातात घेतला. "तुझी सूचना वाचली गं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू."

"पाळशील ना?"

"पाळणार म्हणजे? अगदी अक्षरशः पाळणार."

तिसऱ्या मजल्यावरच्या कागदावर कुणीतरी हसरा चेहरा काढला होता. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'धन्यवाद, याचीच गरज होती.' कायद्याच्या मुलीने, जिला सगळे वकीलसाहेब म्हणायचे, जाताजाता पाठीवर थाप मारली. "आमच्या विभागाला कधी असं सुचलं नाही बघ. तुम्ही तारांत राहून पण माणसात आहात."

"ऊर्जेची काळजी सगळ्यांनाच असते," ठिणगी नम्रपणे म्हणाली.

"हो ना, आमची ऊर्जा तर पार संपलीय," वकीलसाहेब म्हणाल्या आणि गेल्या.

ठिणगी कासवाला म्हणाली, "बघ, किती समजूतदार आहेत सगळ्या." कासवाने मान डोलावली. तिला काहीतरी टोचत होतं. पण काय टोचतंय ते शोधायला तिला नेहमीच वेळ लागायचा.

सकाळ थंडीची होती. गच्चीवरच्या पॅनेलांवर उन्हाचं पहिलं बोट पडायच्या आत परीक्षक हजर झाले. मफलर गुंडाळलेले, काटकुळे गृहस्थ. अख्खी नोकरी त्यांनी मोठ्या वीज नियंत्रण कक्षात काढली होती, आणि समोर पडदा दिसला की ते बाकी जग विसरायचे. बॅटरीच्या खोलीत खुर्ची ओढून ते पडद्यासमोर बसले. शेजारी फ्यूजबाई, हाताची घडी घालून.

"नियम एकच," परीक्षक म्हणाले. "कुणाच्या खोलीची वीज तोडायची नाही. सांगायचं, विनवायचं, गाणं म्हणायचं, काय हवं ते करा. बटणाला हात नाही." आणि त्यांनी बाहेरच्या विजेचा खटका खाली ओढला.

दिवे क्षणभर थरथरले आणि लागलेलेच राहिले. पडद्यावर एक हिरवी रेघ सपाट चालू लागली. भाराची रेघ. तिच्या वर एक लाल रेघ आखलेली. हिरवी लालच्या वर गेली आणि तिथेच राहिली, की खेळ खलास.

थोडा वेळ सगळं छान चाललं होतं. मग वरच्या मजल्यांवर गजर वाजू लागले, दारं उघडली, चपला फटफटल्या, आणि हिरवी रेघ उठली.

"उठल्या वाटतं मुली," परीक्षक म्हणाले.

रेघ आणखी चढली.

"नेहमी एवढी चढत नाही," कासव पुटपुटली. तिने रोजच्या सकाळचे आकडे काढून पाहिले, मग पडद्याकडे पाहिलं. "ठिणगी. ही रोजच्यापेक्षा जास्त आहे. आज कमी व्हायला हवी होती, आणि आज जास्त आहे."

इन्व्हर्टरने एक बीप दिला. मग थोड्या वेळाने दुसरा. हा त्याचा इशारा होता. बीप जवळजवळ येत जाऊन सलग वाजले, की तो मान टाकणार.

वीजघराची खिडकी, खिडकीतलं पाणी, सगळं एकदम ठिणगीच्या डोळ्यांसमोर आलं आणि लांब जाऊ लागलं. ती धावत सुटली. वसतिगृहाचा जिना इमारतीच्या मधोमध होता आणि मध्ये वरपर्यंत मोकळी पोकळी, त्यामुळे खालून हाक मारली की चौथ्या मजल्यापर्यंत जायची. ती पोकळीत उभी राहून ओरडली, "अगं, लोड कमी करा! लोड घेऊ नका!"

वरून तीन-चार डोकी कठड्यावरून वाकली. एकीच्या डोक्याला टॉवेल, एकीच्या तोंडात ब्रश.

"आम्ही कुठे घेतोय?" ब्रशवाली म्हणाली. "तूच घेतेयस! शांत हो!"

"चहा घे," टॉवेलवाली म्हणाली. "आत्ताच दुसऱ्यांदा किटली लावलीय, ये वर."

"दुसऱ्यांदा?" ठिणगी किंचाळली आणि दोन-दोन पायऱ्या चढत दुसऱ्या मजल्यावर गेली.

तिथे जे दिसलं ते पाहून ती दारातच थबकली. इस्त्रीच्या टेबलावर वकीलसाहेब निवांतपणे परीक्षेचा शर्ट, त्यानंतर आज न घालायचाही एक शर्ट आणि त्यानंतर ओढणी इस्त्री करत होत्या. शेजारी दुसरी इस्त्री तापत होती, तिच्यामागे तिसरी रांगेत. डॉक्टरीण आरशापुढे ड्रायरने केस वाळवत गुणगुणत होती. न्हाणीघराच्या दाराखालून वाफ येत होती आणि आतून कुणी तरी कधी नव्हे ते गात होतं.

"काय चाललंय हे?" ठिणगीला धाप लागली होती. "सूचना वाचली नाही का तुम्ही?"

"वाचली म्हणून तर," वकीलसाहेबांनी इस्त्रीच्याच हाताने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "एरवी परीक्षेच्या दिवशी आम्ही कशा असतो? तोंडावर पाणी मारलं, चुरगळलेलं अंगात घातलं आणि सुटलो. काल रात्री सगळ्यांनी ठरवलं, ऊर्जा विभाग एवढा प्रेमाने सांगतोय, तर उद्या लोड घ्यायचा नाही. लवकर उठायचं, सावकाश गरम पाण्याने आंघोळ, कडक इस्त्री, दोनदा चहा. चारही मजल्यांवर एकमताने ठराव झालाय."

ठिणगीने कागद वाचला. स्वतःच्याच हाताने लिहिलेला, पण जणू पहिल्यांदाच पाहत होती. लोड घेऊ नका. म्हणजे ताण घेऊ नका. म्हणजे काळजी करू नका, मजेत राहा. असं तर तिची आईसुद्धा रोज फोनवर म्हणायची.

"अगं बाई!" ती मटकन इस्त्रीच्या स्टुलावर बसली. "'ध'चा 'मा' झाला!"

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि जे कुणी कधी पाहिलं नव्हतं ते दिसलं. कासव पळत होती.

"मला कळलं!" कासव दारातून म्हणाली. "काल काय टोचत होतं ते मला आत्ता कळलं! लोड म्हणजे—"

"मला पण कळलंय!"

"आणि बीप जवळजवळ आलेत!"

आता बोलत बसायला वेळ नव्हता. ठिणगी उठली, परत जिन्याच्या कठड्यापाशी आली, आणि या वेळी तिने प्रयोगशाळेचा एकही शब्द तोंडातून काढला नाही. इस्त्रीच्या दुकानातला आवाज काढला. भिंतीपलीकडे पोचायचा तो.

"ऐका गं सगळ्या! गिझर बंद, इस्त्री बंद, किटली बंद! आत्ताच्या आत्ता! नाहीतर अंधार होईल आणि मी नापास होईन!"

न्हाणीघरातलं गाणं थांबलं. "नापास" हा शब्द परीक्षेच्या सकाळी कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चारही मजल्यांवर खटक-खटक-खटक अशी बटणं बंद झाल्याचा आवाज वरून खालपर्यंत आला, जशा कुणी गोट्या जिन्यावरून सोडाव्यात.

"पण माझ्या केसांना साबण आहे!" आतून आवाज आला. ही पहिल्या खेपेच्याच तिघींपैकी एक. "परत! परत मीच!"

"थांब, तुला पहिला मान!" ठिणगी ओरडली. "सगळ्यांना गरम पाणी मिळेल, सगळ्यांची इस्त्री होईल. पेपरला वेळ आहे. फक्त एकदम नाही. पाळीपाळीने! आधी दुसऱ्या मजल्याची पाळी—"

कासवाने तिच्या कोपराला चिमटा काढला. "पाळी म्हणू नकोस. मुलींचं वसतिगृह आहे. अख्ख्या मजल्याची पाळी म्हणालीस तर अजून एक घोळ होईल."

वरून कुणीतरी फिस्सकन हसलंच होतं.

"नंबर!" ठिणगीने सावरून घेतलं. "दुसऱ्या मजल्याचा नंबर! दुसरा मजला, गिझर लावा! बाकीचे थांबा!"

आणि मग ती सकाळ जशी गेली तशी त्या जिन्याने कधी पाहिली नव्हती. कासव खाली जाऊन हिरव्या रेघेकडे बघायची आणि पोकळीतून वर सांगायची, "जागा आहे" किंवा "भरलं". ठिणगी मजले धावत राहिली. "पहिला मजला, झालं का? आता तिसऱ्याचा नंबर! चौथा मजला, इस्त्री चालेल, गिझर नको! डॉक्टरीणबाई, केस उन्हात वाळवा, उन्हाला नंबर लागत नाही!"

मुलींनाही चेव चढला. तिसऱ्या मजल्याने चौथ्याला आपला नंबर देऊ केला, कारण चौथ्याचा पेपर आधी होता. पहिल्या मजल्याने आपलं झाल्यावर स्वतःच टाळ्या वाजवून कळवलं.

"मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे," वकीलसाहेब म्हणाल्या. "ओढणीला अर्धीच इस्त्री झालीय."

"जा की. अर्धी ओढणी घेऊन जा, पुरावा होईल."

उन्हं गच्चीवर नीट पसरली. मुली एकेक करून, ओल्या केसांनी पण कडक इस्त्रीत, पेपरला गेल्या. जाताना प्रत्येकीने ठिणगीला तेच म्हटलं, आणि आता ते मुद्दाम होतं, "लोड घेऊ नकोस हं."

दिवे एकदाही गेले नव्हते.

बॅटरीच्या खोलीत परीक्षक पडद्याला नाक लावून बसले होते. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय आली होती.

"हे काय आहे?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. सकाळच्या सुरुवातीला हिरव्या रेघेने लाल रेघेला पार डोकं टेकवलं होतं. उंटाच्या कुबडासारखा उंचवटा. त्यानंतर एकदम खड्डा, आणि मग पुढे टेबलासारखी सपाट. "रोजच्या सकाळी हा उंट नसतो. तुमच्या जुन्या नोंदीत नाही. आजच कुठून आला?"

फ्यूजबाईंची भुवई चढली होती. ठिणगीने कासवाकडे पाहिलं. खोटं बोलून काही निभावलं नसतं, आणि तिला ते जमतही नव्हतं. तिने भिंतीवरचा एक कागद काढून आणला होता, तो पुढे ठेवला.

"हा माझा उंट आहे, सर. मी लिहिलं, विजेचा भार घेऊ नका. त्यांनी वाचलं, काळजी करू नका. म्हणून सगळ्या जणी मजेत राहिल्या. गरम पाण्याने."

परीक्षकांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. त्यांचे खांदे आधी हलायला लागले आणि आवाज मागून आला. ते इतके हसले की मफलर सुटला.

"मॅडम," ते डोळे पुसत फ्यूजबाईंना म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं होतं, लोक सूचना वाचत नाहीत. पाळत तर नाहीतच."

"म्हणाले होते," फ्यूजबाई म्हणाल्या.

"मी जन्मभर नियंत्रण कक्षात बसून लोकांना सांगत आलो, संध्याकाळी जरा कमी वापरा हो. वर्तमानपत्रात छापलं, रेडिओवर सांगितलं. रेघ तसूभर हलली नाही. आम्हाला वाटायचं, माणसं ऐकतच नाहीत. आणि या मुलीने एका ओळीने अख्ख्या इमारतीचा भार चढवला." त्यांनी बोट उंटावरून खड्ड्यात आणलं. "आणि दुसऱ्या ओळीने उतरवला. त्यांनी ऐकलं. दोन्ही वेळा अगदी जे सांगितलं तेच ऐकलं. बटणाला हात न लावता."

फ्यूजबाईंनी वाकून ते कुबड नीट पाहिलं. ठिणगीला आपल्याच छातीतले बीप ऐकू येत होते, जवळजवळ येणारे.

"सूचना जर साधी, स्पष्ट लिहिली असतीस," फ्यूजबाई म्हणाल्या, "तर हा उंट आला नसता, आणि सपाट रेघ बघून मी म्हटलं असतं, हा योगायोग आहे, परीक्षेमुळे मुली लवकर निघून गेल्या असतील. आता तसं म्हणायची सोय तू ठेवली नाहीस." त्यांनी पेन काढलं. "उंट अहवालात राहू दे. झाकू नकोस. आणि सूचना कशी लिहू नये, यावर एक प्रकरण घाल."

"म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे ऊर्जा प्रणालीत पास. भाषेत काठावर."

कासव म्हणाली, "अरे वा." तिला ओरडायचं होतं, पण ते पोचायला थोडा वेळ लागला. बाहेरच्या व्हरांड्यात आल्यावर तिने एकदम अशी आरोळी ठोकली की माळी पाइप टाकून बघायला आला.

ठिणगीने घरी फोन लावला. पलीकडे दुकानातला ओळखीचा आवाज, ओल्या कापडावर इस्त्री फिरल्याचा चर्र.

"आई, झाले पास! वीजघरात जायचं पक्कं!"

"झालीस ना? मी तुला रोज सांगत होते, लोड घेऊ नकोस म्हणून."

"आई, तो शब्द नको आता."

"का गं? काय वाईट आहे त्यात?"

"आल्यावर सांगते. मोठी गोष्ट आहे. त्यात एक उंट आहे."

"उंट? विद्यापीठात?" आईचा आवाज भिंतीकडे वळला. "अहो भाऊ, पोरगी पास झाली! वीजघरात जाणार!" भिंतीपलीकडून वेल्डरकाकांनी कशावर तरी हातोडी वाजवून आनंद कळवला आणि मग मोठ्यांदा म्हणाले, "वहिनी, माझं झालं हो! आता तुमचा नंबर!"

"आई," ठिणगी म्हणाली, "तुमच्या वायरी तर कधीच वेगळ्या झाल्या ना? तुझी वेगळी, काकांची वेगळी."

"झाल्यात की," आई म्हणाली. "म्हणून काय एकमेकांना विचारायचं सोडायचं? ठेव आता फोन. माझा नंबर आलाय."